निधनवार्तेतून गाळलेल्या दोन मुली

हे मी घरी बोललेलो नाही, कार्यालयात तर नाहीच. बावीस वर्षं बातम्या लिहितो आहे. कोण, कुठे, केव्हा — हे इतरांना विचारायची सवय आहे. स्वतःला मात्र विचारलं नाही. तुम्हाला सांगतो. क्रमाने सांगतो — निदान क्रम तरी खरा असू दे.

लोणारला एका जिल्हा दैनिकाचं तालुका कार्यालय माझ्याकडे आहे. आठ वर्षांपूर्वी तालुक्यातल्या बीबी गावच्या बातम्या वंदनाताई आणायच्या. शिलाईचं दुकान, पेपरची एजन्सी आणि गावची बातमीदारी — तिन्ही त्यांच्याकडे. दर गुरुवारी एसटीने यायच्या, हाताने लिहिलेले कागद द्यायच्या. त्यांत निधनवार्ता जास्त. आमचा साचा ठरलेला — ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ मुली लग्न होऊन घरातून गेल्या, की या ओळीतूनही जायच्या. जागा कमी पडली तर आधी त्याच.

वंदनाताई छापलेली कात्रणं परत घेऊन यायच्या. निळ्या पेनाने खुणा केलेल्या.

“सर, राग नका मानू. पुतण्याले जागा हाय, जावयाले हाय, लेकीलेच काऊन नाही? लयच भारी पेपर हाय बा तुमचा.”

मी हसायचो. राग यायचा का? — यायचा. त्या बरोबर सांगतात हे कळत होतं, म्हणून जास्त यायचा. पत्रकारितेची पदविका माझ्याकडे, आणि मला शिकवणार कोण — ब्लाउज शिवणारी बाई? हे कधी बोललो नाही. डोक्यात मात्र याच शब्दांत होतं.

मग त्यांच्या गल्लीतले एक गृहस्थ वारले. मुलगा नाही. दोन मुली — सुनंदा आणि कविता. आजारपणाची दोन वर्षं त्यांनीच काढली, अग्नीही त्यांनीच दिला. वंदनाताईंनी दोघींची नावं लिहिली आणि खाली ठळक रेघ मारली. ती रेघ मला खुपली. रेघ कोणासाठी होती — माझ्यासाठीच ना? मी टाइप केलं — ‘पश्चात पत्नी, पुतणे असा परिवार.’

नजरचूक म्हणता आली असती. नजरचूक नव्हती.

बातमी छापून आली त्याच दुपारी दोघी बहिणी कार्यालयात आल्या. थोरल्या सुनंदाने पेपर टेबलावर ठेवला.

“आम्ही मेलो काय, साहेब?”

मी सांगितलं — बातमीदाराकडून तसंच आलं होतं. संपादकांचा बुलढाण्याहून फोन आला, त्यांनाही तेच सांगितलं. आवाज अडखळला नाही. वंदनाताईंची बातमीदारी त्याच आठवड्यात गेली.

त्यानंतर त्या एकदाच आल्या. बसल्या नाहीत.

“सर, माझा कागद तुमच्यापाशी असंल. तेवढा द्या. बातमीदारी राहू द्या. सुनंदा माझ्याशी बोलत नाही, तिले दाखवते.”

कागद टेबलाच्या खणात होता, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. मी म्हणालो — सापडत नाही. त्या “बरं” म्हणाल्या आणि जिना उतरल्या. त्या गेल्यावर मी कागद फाडला.

त्यानंतर मी सुधारलो — हा शब्द लिहिताना हात थांबतो, पण खोटा नाही. प्रत्येक निधनवार्तेत मुलींची नावं. एकाच नातेवाइकाच्या फोनवर मजकूर घ्यायचा नाही, घरच्या बाईशी बोलल्याशिवाय पानावर लावायचा नाही. त्यांनी निळ्या पेनाने जे जे दाखवलं होतं, ते सगळं. गेल्या वर्षी नव्या बातमीदारांच्या शिबिरात मला याच विषयावर बोलायला बोलावलं. एका मुलीने विचारलं, “सर, हे तुमच्या लक्षात कोणी आणून दिलं?” मी म्हणालो, अनुभवाने. तिने ते वहीत लिहून घेतलं.

बीबीहून फोन आला की अजून उचलण्याआधी नंबर दोनदा पाहतो. वंदनाताईंचा असेल का? त्यांना कागदाचं कळलं असेल का? कळलं नसेल, तर आठ वर्षं त्यांना काय वाटत असेल?

मागच्या महिन्यात असाच फोन आला. सुनंदा होती. आई गेली होती.

“मागल्या टायमाले त्या वंदनाबाईनं आमची नावं गाळली. शेजारीण असून. आमच्या दारात आली होती आज, मी आत घेतलं नाही. म्हणून थेट तुम्हालेच फोन केला. तुम्ही लेकींची नावं बरोबर छापता म्हणतात.”

एक वाक्य पुरेसं होतं. ती रडू आवरत थांबली होती. वेळही होता.

“हो,” मी म्हणालो. “धाकटीचं सासरचं आडनाव सांगा.”