दामूकाकांचा सहा आकडी नंबर

दामूकाका वारले त्याला आज वर्ष झालं. पोर्तुगालात मात्र ते काल संध्याकाळपर्यंत जिवंत होते.

तिकडे त्यांना मी जिवंत ठेवलं होतं.

ज्यांना काका माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. हमरापूरला ज्या गणपतीच्या कारखान्यात मी कामाला आहे, तिथे ते मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचे. तरुणपणी लिस्बनला बिल्डिंगी रंगवायला गेले, बारा वर्षं राहिले. येताना आणलं काय, तर लाल मफलर आणि तिथल्या एका फुटबॉल क्लबचं मेंबरशिप कार्ड.

तिथल्या मुकादमाने त्यांना मेंबर केलं होतं. तिकडे म्हणे पोर जन्मलं की घरात बारसं व्हायच्या आधी क्लबात नाव घालतात.

"मी चौतीस वर्षांचा बाळ होतो," काका सांगायचे. "मिशीवाला."

त्या कार्डावर नंबर असतो.

तो विकत मिळत नाही, खेळूनही मिळत नाही. तुम्ही कधी आलात आणि किती टिकलात, एवढंच बघतात. दर काही वर्षांनी क्लब सगळे नंबर नव्याने लावतो. जे गेले, ज्यांनी सोडलं, त्यांची नावं काढायची आणि मागच्यांनी पुढे सरकायचं, म्हणजे नंबर लहान होत जातो.

काकांचा नंबर सहा आकडी होता. अगदी काठावरचा. पुढच्या खेपेला पाच आकडी होणार, हे त्यांनी कारखान्यातल्या प्रत्येकाला निदान दहा वेळा सांगितलं असेल.

मी एसवायला कॉलेज सोडलं (सोडलं म्हणजे एका सरांशी भांडून निघालो, परत गेलोच नाही) तेव्हा घरात कोणी माझ्याशी बोलत नव्हतं. काकांनी हातातला ब्रश खाली न ठेवता विचारलं, "कॉलेज सोडलंस?"

"व्हय."

"आता हे तरी धरून ऱ्हा."

आणि पहिला अख्खा सीझन मला फक्त उंदीर रंगवायला दिले.

सकाळी चहा पिताना आम्ही मोबाईलवर मॅचचे हायलाईट्स बघायचो. तिकडे लोक कोचला वैतागले की अख्खं स्टेडियम पांढरे रुमाल हलवतं. अर्थ एकच, घरी जा. क्लब हरला की काका ब्रश पुसायचा फडका हलवायचे.

मीही तो खूप वेळा बघितलाय. टेम्पोवाल्याशी मारामारी केली तेव्हा. मालकाला उलट बोललो तेव्हा. काका तोंडाने काहीच बोलायचे नाहीत. फडका वर.

ऋता माझ्या कॉलेजातली. तिला विचारलं आणि तिने मला रोहा स्टेशनवर नाही म्हटलं त्या दिवशी मी तसाच कारखान्यात गेलो. ती म्हणाली होती, "तू चांगला आहेस निलेश, पण फार चिडतोस." हे काकांना सांगितलं आणि वाट बघत बसलो की आता फडका हलणार.

त्यांनी तो माझ्याकडे दिला. "नाक पूस आधी."

रंग लागला नाकाला. दिवसभर कोणी सांगितलं पण नाही.

काका गेले तेव्हा काकींनी कार्ड माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "तिकडं कळव रे."

माझं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे. शेवटी ऋतालाच फोन केला. ती आता धाटावला एका कंपनीत लॅबला आहे. शिफ्ट संपल्यावर पाच मिनिटांत तिने मेल लिहून दिली.

मी पाठवली नाही.

कारण क्लबचं पत्र आलं होतं, पुढच्या वर्षी नंबर नव्याने लागणार. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते वर्षभरावर आलं होतं आणि मी लिहायचं की माणूस गेला? त्या वर्षाची वर्गणी मी गुपचूप भरून टाकली.

गेल्या आठवड्यात ऋताचा फोन.

"मेल गेली ना?"

"नाही."

"का?"

"त्यांचा पाच आकडी होऊ दे. मग पाठवतो."

"निलेश, ते गेलेत."

"तुझं काय जातंय?"

"माझं काहीच जात नाही. काकींना विचार एकदा."

मी फोन कट केला. चिडतोच मी.

गेलेल्यांची नावं कळवायचा काल शेवटचा दिवस होता. संध्याकाळी काकींकडे गेलो. त्या वाल सोलत होत्या. सगळं सांगून टाकलं. वाटलं, खूश होतील.

त्यांनी विचारलं, "ह्यांच्या मागं कोन हाय?"

"म्हणजे?"

"नंबरात. मागं कोनतरी असंल ना?"

"असेल कोणीतरी."

"मग तो पन थांबलाच असंल की. ह्यांच्यासारखाच."

काकींनी हातातला वाल खाली ठेवला.

"रेशनच्या दुकानात वळखीचा मानूस होता, तरी हे रांगेत उभं ऱ्हायचे. जलमभर कोनाची जागा अडवली नाय. आन तू त्यांच्या नावानं अडवून बसलास?" वालाची टोपली माझ्याकडे सरकवली. "पाठव ती मेल. मग सोलायला बस."

तिथेच ओसरीवर बसून पाठवली. ऋताच्या इंग्रजीखाली एक वाक्य माझं जोडलं, की ते अगदी जवळ आले होते. चुकलं असेल. असू दे.

मग तिला कळवलं. तिने लिहिलं, "बरं केलंस." ते दोन शब्द मी किती वेळा वाचले ते विचारू नका.

काका, क्लबाच्या यादीत तुमच्या मागे जो कोणी उभा होता, तो आता एकाने पुढे सरकेल. कदाचित त्याचाच नंबर पाच आकडी होईल. घरी जाऊन बायकोला दहा वेळा कार्ड दाखवेल. आपल्यासाठी हमरापूरच्या एका माणसाने जागा सोडली, हे त्याला कधी कळणार नाही.

तुमची जागा मी सोडली, काका. मनापासून सोडली.

तुम्हाला नमस्कार. निवांत राहा.