ऑलिव्हचं धुणं

आमच्या या नव्या वसाहतीतही मासे तळायचं दुकान आहे. तेलात तळतात, फोमच्या डब्यात देतात, आणि ब्रेडकेक मागितला तर कारखान्यातला, प्लॅस्टिकमध्ये घाम आलेला पाव पुढं करतात. मी पैसे देते, घरी आणते आणि निम्मं टाकून देते. रांगेत कुणी कुणाशी बोलत नाही. जो तो आपला डबा उचलून चालता होतो.

हल बंदरात, हेसल रोडच्या गल्लीत ऑग्डनचं दुकान होतं, तेव्हा मी काउंटरवर पुड्या बांधायची आणि ऑलिव्ह स्टॅदर्स तळायची. बैलाच्या चरबीत. तो वास केसांत बसायचा, उशीत बसायचा. ब्रेडकेक समोरच्या बेकरीतून लाकडी फळीवर यायचे, तळहातापेक्षा थोडे मोठे, चपटे, वर पिठाची धूळ आणि आत ऊन. मधोमध चिरायचा, त्यात पॅटी दाबायची. पॅटी म्हणजे उकडलेल्या बटाट्यात सेजचा पाला घालून, पिठात बुडवून तळलेली चपटी वडी. वर मीठ, व्हिनेगर, आणि कढईतला कुरकुरीत चुरा मूठभर, तो फुकट. चुऱ्याला नाही म्हटलं तर गल्लीत भांडण व्हायचं.

ऑग्डन डोंगरापलीकडचा, ओल्डहॅमचा. तिकडं ब्रेडकेकला मफिन म्हणतात. आल्या आल्या त्यानं खडूनं पाटीवर मफिन लिहिलं आणि अख्खी रांग त्याच्यावर तुटून पडली.

"मालक, मफिन तुमच्या गावात. हितं मागत फिराल तर उपाशी मराल!"

"आवो, शिकंल हळूहळू. बोलायला तरी शिकलाय."

आठवड्याभरात तो ब्रेडकेक म्हणायला शिकला. धुण्याचं मात्र त्याला कुणी सांगितलं नाही. असल्या गोष्टी आमच्यात सांगत नाहीत, त्या आईच्या पोटातूनच येतात. घरातला माणूस ज्या दिवशी मासेमारीच्या बोटीवर जातो, त्या दिवशी घरात धुणं धुवायचं नाही. धुतलं तर माणूसच वाहून जातो.

ऑलिव्ह पन्नाशीची, रुंद हाडाची, मनगटापर्यंत भाजल्याचे डाग. उकळत्या चरबीला ती कधी भ्यायली नाही. साबणाला भ्यायची. नवरा बोटीसकट उत्तरेकडं बुडाला होता, आणि त्या दिवशी आपण काय काय धुतलं हे ती इतकी वर्षं मनात उलटंपालटं करत बसायची. तिला काही सापडत नव्हतं, म्हणून भीती जास्त. आता मुलगा क्लिफ बोटीवर. तो निघायचा त्या दिवशी ती चहाचा कपसुद्धा विसळायची नाही, आणि दुकानातला मळका एप्रन मुद्दाम खिळ्यावर तसाच ठेवायची.

त्रेसष्टच्या त्या हिवाळ्यात क्लिफ 'लेडी ऑगस्टा'वर चढला. दुपारी ऑलिव्ह कामावर आली, तर खिळ्यावर पांढराशुभ्र, इस्त्री केलेला एप्रन.

"मालक, ह्यो कुनी धुतला?"

"मीच!" ऑग्डन खुशीत होता. "उकळून काढला, खळ घातली. वास गेला की नाही बघ."

"आज?"

"मग काय, नाताळची वाट बघू?"

ऑलिव्ह बटाट्याच्या पोत्यावर बसली. मी ऑग्डनला बाजूला घेऊन सांगितलं. हसायला त्यानं तोंड उघडलं, पण ऑलिव्हचा चेहरा बघितला आणि ते तसंच उघडं राहिलं.

"कुनाला बोलू नका," ती म्हणाली. "त्या बोटीवर माझा एकटाच न्हाई."

ते खरंच होतं. बोटीवरची सगळी माणसं आमच्याच गल्ल्यांतली. पलीकडच्या एनिड ब्लँचर्डचा नवरा सिरिलही त्याच बोटीवर. एनिड म्हणजे दर शुक्रवारी हसत रांगेत शिरणारी, आणि चुऱ्यावरून मला कंजूष म्हणणारी.

पुढच्या आठवड्यात आइसलँडच्या बाजूला वादळ उठलं. त्या थंडीत दोरांवर, डोलकाठीवर बर्फ चढत जातो. माणसं कुऱ्हाडीनं फोडत राहतात. हात थांबले की बोट वरून जड होते आणि कलंडते. हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आमच्या दुकानात फळीवर रेडिओ होता. त्यावर संध्याकाळी कप्तान एकमेकांशी बोलताना ऐकू यायचे. त्यांचा आवाज लागला की ऑलिव्ह मासे कढईतून वर उचलून धरायची, म्हणजे तडतड थांबायची. सगळी रांग फळीकडं वळायची. या बोटीचा आवाज आला, त्या बोटीचा आला. 'लेडी ऑगस्टा'चा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग ऑलिव्ह मासे परत सोडायची, आणि त्या चर्र आवाजानं मी दचकायची.

ऑग्डननं फरशी पुसणं सोडलं. काच पुसणं सोडलं.

"ऑलिव्ह," तो एकदा हळूच म्हणाला, "बटाटे धुवायचे का गं?"

"धुवा. बटाट्यांचं कोन हाय दर्यावर?"

मला हसू फुटलं, आणि लगेच मी ते एप्रनमध्ये दाबलं.

शेवटी ऑग्डनलाच ते सोसवेना. गर्दीच्या वेळी काउंटरपुढं येऊन, टोपी काढून त्यानं सांगून टाकलं. "एप्रन मी धुतला. बोट गेली त्याच दिवशी. ऑलिव्हला माहीत नव्हतं. काय बोलायचं ते मला बोला."

कढईची चरबी तेवढी पुटपुटत होती. मला वाटलं, आता काचा फुटणार. पण एनिड पुढं झाली.

"तुमचं कोन हाय बोटीवर, मालक?"

"कुणी नाही."

"मग तुम्ही धुतलं ते निस्तं धुनं. घरच्यानं धुतलं तर धोका. व्हय का न्हाई गं?"

दोघीतिघींनी माना हलवल्या. एका म्हातारीनं "ओल्डहॅमचं येडं" म्हणून मोकळा श्वास सोडला. ऑलिव्ह मात्र माझ्या कानाशी म्हणाली, "कापड तर माझंच व्हतं, विनी."

दर्यावर माणूस गेला की घरी सांगायला येतो, तो खलाशांच्या मिशनचा माणूस शुक्रवारी आला. काळ्या हॅटचा, सायकल हातात धरून चालणारा मिस्टर पेल. तो गल्लीत शिरला की बायका पडद्याआड जातात, आपल्या दारावरून तो पुढं जावा म्हणून. आम्ही त्याला न पुसलेल्या काचेतून येताना बघितलं. तो ऑलिव्हच्या दाराशी थांबला नाही. एनिडच्या दाराशी त्यानं कडी वाजवली, वाट बघितली, आणि मग वळून सरळ दुकानाकडंच आला. कारण एनिड रांगेत होती. आणि ऑलिव्ह झारा हातात धरून कढईपाशी.

दाराची घंटी वाजली. त्यानं हॅट काढली. आधी ऑलिव्हकडं बघितलं, मग एनिडकडं. तेवढ्यात माझ्या हातातल्या पुडीचा कागद फाटला.

"बोट सापडली," तो म्हणाला. "खाडीत आसऱ्याला आहे. बर्फानं रेडिओ गेला होता." कुणीतरी रडायला लागलं. तो थांबला. "एनिड, जरा बाहेर येतेस का, बाई?"

बर्फ फोडताना लाट आली होती. सिरिल एकटाच गेला.

त्यानं एनिडला बोलावलं, तेव्हाच ऑलिव्हच्या तोंडून एक आवाज निघाला. तो सुटकेचा होता. मी ऐकला, एनिडनंही ऐकला. दारातून जाताना ती एकदा वळून ऑलिव्हकडं बघून गेली.

क्लिफ आला, झोपला, दारू प्यायला, पुन्हा निघायची तारीख ठरली. ऑलिव्हनं त्याला दुकानात काम धरायला सांगितलं, तर तो म्हणाला, "आई, दिवसभर मेलेल्या माशाचं तोंड बघू का?" ती खाईना, जेवणाचा वास नको म्हणायची. दाराची घंटी वाजली की आधी दाराकडं बघायची, मग कढईकडं. एनिड कधी येणार आणि काय बोलणार, एवढाच तिला घोर.

एनिड आली. रांग आपोआप बाजूला झाली. काळा कोट, हातात पिशवी.

"एकेक दे," ती म्हणाली. म्हणजे एक मासा, एक वाटा तळलेले बटाटे. "नि एक ब्रेडकेक." आधी ती दोघांचं न्यायची.

ऑलिव्हनं मोठ्यातला मोठा हॅडॉक मासा घातला. मी न सांगता चुरा टाकला. एनिडनं पुडी छातीशी धरली, पण निघेना.

"क्लिफ कधी जातोय?"

"गुरवारी," ऑलिव्ह म्हणाली. "पहाटेच्या भरतीवर."

"मग गुरवारीच तुझं धुनं माझ्याकडं धाड. एप्रन, चादरी, काय असंल ते. मला आता कुठलाबी वार चालतो."

डोळे कोरडे होते तिचे. ती हे मायेनं म्हणाली का आणखी कशानं, मला आजवर कळलेलं नाही. ऑलिव्हलाही कळलं नाही. घंटी वाजून दार मिटल्यावर ती म्हणाली, "न्हाई कसं म्हनू, विनी? कुठल्या तोंडानं?"

गुरुवारी क्लिफ गेला. दुपारी ऑलिव्ह गाठोडं एनिडच्या दारात ठेवून कामावर आली. तोंड पांढरं पडलेलं. दुकानाच्या बाजूच्या खिडकीतून एनिडचं अंगण दिसायचं. थोड्या वेळानं तिथं दोरीवर क्लिफचे सदरे चढले, आणि वाऱ्यानं त्यांच्या बाह्या आमच्याकडं हालू लागल्या. निघालेल्या माणसाला आमच्यात हात हालवून निरोप देत नाहीत, दर्या त्याला परत देत नाही म्हणतात. ऑलिव्हनं खिडकीकडं पाठ केली आणि पहिला मासा सोडला. मी पडदा ओढला, पण सदऱ्यांच्या सावल्या पडद्यावर पडतच होत्या.