मेहकरची मास्तरीण

माझ्या वडिलांनी माझ्याबद्दल मेहकरात खोटं सांगितलं, असं मी म्हणणार नाही. त्यांनी एक बातमी दिली होती आणि ती दुरुस्त करायची राहून गेली.

वडील तहसील कचेरीत कारकून होते. लग्नानंतर वर्षभरात मी विधवा होऊन माहेरी परत आले. तेव्हा माझी मराठी पाचवी झालेली होती आणि पुढे काय, याचं उत्तर घरात कोणाकडे नव्हतं. मला नागपूरला नेऊन मास्तरणीचं ट्रेनिंग द्यायचं वडिलांनी ठरवलं. ते त्यांनी कचेरीत सांगितलं, शेजारच्या वकिलांकडे सांगितलं, बालाजीच्या देवळात भेटेल त्याला सांगितलं. विधवा मुलीला शिकायला बाहेर पाठवतात म्हणून काहींनी त्यांची पाठही थोपटली. मग आम्ही मोटारीने खामगावला आणि तिथून आगगाडीने नागपूरला गेलो, तर ट्रेनिंगच्या शाळेत माझं शिक्षण कमी पडलं. पाचवीवर घेत नव्हते.

त्या शाळेच्या पायरीवर आम्ही दोघं बराच वेळ बसलो. वडिलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. मला परत नेलं असतं तर ज्यांनी ज्यांनी पाठ थोपटली त्या सगळ्यांना काही ना काही सांगावं लागलं असतं. ज्यांच्याकडे आम्ही उतरलो होतो त्या गृहस्थांनी सुचवलं, की बायकांच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकवतात, राहणं-जेवण तिथंच, आणि पाचवी चालते. त्या दिवशी दिवेलागणीला मी दवाखान्याच्या बोर्डिंगात होते. निघताना वडील म्हणाले, "गावात आताच काही बोलत नाही. पुढं पाहू."

पुढं पाहायची वेळ आलीच नाही. नर्सचं काम म्हणजे काय, हे आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. सर्व जातींच्या बायकांची बाळंतपणं करायची, त्यांची घाण उपसायची, रात्री-बेरात्री घराबाहेर राहायचं, परक्या पुरुष डॉक्टरांच्या हाताखाली उभं राहायचं. अशा बाईबद्दल लोक काय बोलतात, ते मी लहानपणी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. म्हणून मी सुटीत घरी आले की पांढरं लुगडं नेसून गुपचूप बसायची आणि कोणी विचारलं, की ट्रेनिंग कसं चाललंय, तर बरं चाललंय म्हणायची. तेवढं तरी खरंच होतं.

शेवटच्या वर्षी दिवाळीला आले, तेव्हा वकिलांच्या पत्नी आपल्या मुलीला घेऊन आमच्याकडे आल्या. मुलीला त्रैराशिक जमत नव्हतं. मी तर आता शिकवायला शिकलेली. चार दिवस तिला बसवून घ्या, असं त्या आईला म्हणाल्या. आईने माझ्याकडे पाहिलं. वडील ओसरीवर अडकित्त्याने सुपारी कातरत होते, त्यांचा हात थांबला. मी पाटी घेतली. त्रैराशिक मलाही नीट येत नव्हतं. मुलगी हुशार होती, तिला ते लगेच उमगलं असावं. मी चुकले की ती आपली पाटीवरचं पुसायची आणि नव्याने मांडायची. वकिलांच्या पत्नी बाजूला बसून वाती वळत होत्या आणि मधूनमधून म्हणत होत्या, की बाई शिकवतात किती निगुतीनं. माझे कान तापले होते.

त्याच दिवाळीत मी वडिलांपुढे एक छापील कागद ठेवला. उन्हाळ्याआधी आमची परीक्षा होती. पास झाल्यावर सरकारी रजिस्टरात नाव चढवायचं, तर चांगल्या चालचलणुकीचा दाखला लागत होता. आपल्याच भागातल्या, कुटुंबाला ओळखणाऱ्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाने, ही बाई सद्वर्तनी असून नर्सच्या कामाला योग्य आहे, असं लिहून सही करायची होती. रजिस्टरात नाव नसेल तर कुठला दवाखाना नोकरी देणार नव्हता. मेहकरात वडिलांच्या शब्दावर सही करतील अशी माणसं पुष्कळ होती. वकील तर भिंतीपलीकडे राहत होते. वडिलांनी कागद वाचला, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला आणि सुटी संपत आली तरी त्याचं नाव काढलं नाही.

आईला विचारलं, तर ती म्हणाली, "त्याईच्या मनाची तयारी होऊ दे."

मी नागपूरला निघाले त्या दिवशी ते खामगावपर्यंत पोचवायला आले. स्टेशनात जाण्याआधी मला एका झाडाखाली ट्रंकेवर बसवून ते गावात गेले आणि परत आले ते सही घेऊनच. खामगावच्या एका वकिलांची सही होती. कचेरीच्या कामामुळे वडिलांशी त्यांची तोंडओळख. त्या गृहस्थांनी मला जन्मात पाहिलं नव्हतं. कागदावर मात्र त्यांनी लिहिलं होतं, की मी या बाईंस बाळपणापासून जाणतो. मी तो कागद ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी ठेवला. माझ्या वर्तनात लपवण्यासारखं काही नव्हतं. तरी त्याचा दाखला परगावाहून आणि असा चोरून आणावा लागला, याची शरम गाडीत बसल्यावर मला वाटू लागली आणि नागपूर आलं तरी गेली नाही.

परीक्षा तोंडावर आली होती तेव्हाची गोष्ट. मी बाळंतिणींच्या वॉर्डात सकाळच्या पाळीला होते. एका खाटेखालचं भांडं उचलून वळले, तर समोर मेहकरची मन्यारीण उभी. तिला सगळी आळी चाची म्हणायची. आईला बांगड्या भरायला ती वर्षानुवर्षं आमच्या घरी यायची. माझ्या हातांशी तिचं काम संपलं होतं, तरी जाताना ती मला आत हाक मारून विचारपूस केल्यावाचून राहायची नाही. तिची लेक नागपूरला दिलेली होती आणि बाळंतपणासाठी आदल्या दिवशी आमच्याच वॉर्डात आली होती.

माझ्या हातात ते भांडं, डोक्याला पांढरा रुमाल, अंगावर दवाखान्याचा कपडा. पळायला जागा नव्हती. चाचीने मला खालीवर पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "कशी हाय मास्तरीणबाई?"

त्यानंतर चाची रोज यायची आणि मला मास्तरीणबाईच म्हणायची. मास्तरीणबाई, हिले ताप वाटते, जरा पाहता का. मास्तरीणबाई, पोराले दूध कव्हा द्यायचं. माझ्याबरोबरच्या मुली विचारू लागल्या, की ही बाई तुला असं का म्हणते. मी हसून वेळ मारून नेली. चाची माझी थट्टा करतेय की काय, असं मला वाटू लागलं. लेकीला घरी न्यायच्या दिवशी मी तिला व्हरांड्यात गाठलं आणि हात जोडून सांगितलं, की इथं पाहिलं ते कृपा करून मेहकरात बोलू नका, माझ्या वडिलांना तोंड दाखवता यायचं नाही.

चाची माझ्याकडे पाहतच राहिली. तिला खरोखर नवल वाटलं होतं.

"अवं बाई, मेहकरात कोनाले ठाऊक नाई? वकीलसाहेबाच्या भावानं तुले पाह्यलं होतं ना इथं, लई दिवस झाले. साऱ्या गावाले ठाऊक हाय. पन तुह्या बापाले वाईट वाटू नये म्हनून कोनी बोलत नाई. म्हनून मी बी मास्तरीणच म्हनते."

मी विचारलं, वकिलांच्या घरीही माहीत आहे का.

"त्याईच्याच घरातून तं समजलं."

ती लेकीला आणि नातवाला टांग्यात घालून गेली. मी वॉर्डात परत आले आणि राहिलेली कामं केली. परीक्षेचं वाचायला बसले की डोळ्यांपुढे ती त्रैराशिकाची पाटी यायची. वकिलांच्या पत्नींना सगळं माहीत होतं, तर त्या दिवाळीत मुलीला घेऊन कशाला आल्या होत्या? माझी फजिती पाहायला, की वडिलांचा शब्द राखायला? मुलीलाही घरून काही सांगून ठेवलं होतं का? मी हे दोन्ही बाजूंनी पुष्कळदा उलगडून पाहिलं. आजही सांगता येत नाही. त्यांनी आमची कीव केली असेल, तर त्यापेक्षा थट्टा परवडली असती, असं मात्र मला त्या वेळी वाटत होतं.

परीक्षा झाली. तोंडी परीक्षेत मी घाबरून "मले" म्हणून गेले आणि परीक्षक बाई किंचित हसल्या. पण मी पास झाले आणि रजिस्टरात नावही चढलं. मग अर्ज. आमच्यातल्या बहुतेक मुलींना आपापल्या गावाजवळ नोकरी हवी होती. मी मेहकरापासून लांबचीच गावं शोधत होते. काही ठिकाणांहून उत्तर आलं नाही, एका ठिकाणी विधवा नर्स बाळंतिणीला चालणार नाही असं कळवलं. शेवटी पिंपळगाव राजाच्या दवाखान्यातून बोलावणं आलं. जिल्हा आमचाच, पण मेहकरचं सहसा कोणी तिकडे जात नसे.

वडील मला पोचवायला आले. खामगावहून मोटारीत आम्ही शेजारी बसलो होतो. गावाला सगळं ठाऊक आहे, हे त्यांना सांगावं की नाही, याचा विचार मी वाटभर केला. सांगितलं तर कचेरीत रोज ज्यांच्यात बसायचं त्यांच्याकडे ते कसे पाहतील? नाही सांगितलं तर त्या सगळ्यांपुढे ते तसेच बोलत राहणार. दोन्ही सारखंच वाईट वाटत होतं. मोटार थांबली तरी माझं ठरलं नव्हतं.

दवाखान्याचे डॉक्टर वयस्क, शांत गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, माझे कागद पाहिले आणि वडिलांकडे वळून विचारलं, आपण कोण.

वडील म्हणाले, "मी यांच्या गावचा. सोबतीला आलो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. वडिलांची नजर टेबलावरच्या दौतीवर होती. डॉक्टरांनी बरं म्हटलं, शिपायाला चहा सांगितला आणि हजर झाल्याचा कागद भरायला घेतला. नाव, वय, शिक्षण झालं. मग त्यांनी विचारलं, की जवळचे नातेवाईक कोण, कधी कळवायची वेळ आली तर कोणाला कळवायचं.

मी म्हटलं, "वडिलांना. हे इथं बसलेत ते."

डॉक्टरांचा टाक क्षणभर थांबला. त्यांनी वडिलांना नाव आणि पत्ता विचारला, वडिलांनी तो सांगितला, त्यांनी लिहून घेतला. दुसरं काही विचारलं नाही. चहा आला तो आम्ही तिघांनी घेतला. इतका लाजिरवाणा चहा मी पुन्हा कधी प्याले नाही. वडिलांची लाज वाटत होती, आणि त्यांना चारचौघांत असं उघडं पाडलं म्हणून माझीही.

बाहेर आल्यावर वडील दवाखान्याच्या कुंपणाशी उभे राहिले. म्हणाले, "मले सुचलंच नाही. तोंडातून निघून गेलं."

मग मी सांगितलं. चाची भेटली होती, गावात सगळ्यांना ठाऊक आहे, फार दिवसांपासून ठाऊक आहे.

ते म्हणाले, "मलेही ठाऊक आहे."

मी विचारलं, काय ठाऊक आहे.

"त्याईले माहीत आहे, हे. कचेरीत कोणी तोंडावर विचारलं असतं तर मी सांगून टाकलं असतं. मी वाट पाहून राह्यलो होतो, की कोणी विचारीन. कोणी विचारलंच नाही. आता आपणहून काऊन सांगू, आणि काय म्हणून सांगू?"

वडील मोटारीची वाट पाहत रस्त्याच्या कडेला उभे राहिले, मी त्यांच्याजवळ उभी राहिले. मोटार आल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत जाऊन बसले. ड्रायव्हर त्यांना काहीतरी विचारत होता, ते उत्तर देत होते. काय ते मला ऐकू आलं नाही.

पिंपळगावात माझं बरं चाललं. पहिले काही महिने लोक मला घरात घेताना कचरत. बाळंतीण सुटली की चहा देत, पण तो कप वेगळा असे आणि तो मीच धुऊन कोनाड्यात ठेवायचा, हे कोणी न सांगता मला समजत असे. पुढे कामाचा विश्वास बसला, तसं ते कमी झालं. वडील अधूनमधून येत. आईच्या सांगण्यावरून कळलं, की ते आता मास्तरीण म्हणत नाहीत. कोणी माझी चौकशी केली, तर पिंपळगावला असते, एवढंच सांगतात.

काही वर्षांनी त्यांचं कार्ड आलं. नेहमीसारखं क्षेमकुशल आणि आईचं दुखणं. खाली लिहिलं होतं, की येथील दवाखान्यात नर्सची जागा निघाली आहे, मी डॉक्टरसाहेबांस तुझ्याबद्दल बोललो आहे, तरी अर्ज पाठवावा. नर्स हा शब्द त्यांच्या अक्षरात मी पहिल्यांदाच पाहत होते. कारकुनी वळणाचा, स्वच्छ, कुठे खाडाखोड नाही.

मी ते कार्ड पुष्कळदा वाचलं. त्यांना हे लिहायला किती जड गेलं असेल, ते मला समजत होतं. पण मेहकरात परत जाऊन त्याच आळीतून, वकिलांच्या दारावरून, रोज दवाखान्यात जाता येईल, असं मला वाटेना. पिंपळगावात मी कोणाची कोण, हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि मला त्याची सवय झाली होती. मी उलट कार्ड लिहिलं, की इथून मला सध्या मोकळं करत नाहीत. तसं मी कोणाला विचारलंही नव्हतं.