चढावरची तपासणी

परवानाबाईला सगळं गाव टरकून असे. गावातल्या तीनचाकी टेम्पोंना रस्त्यावर यायचा परवाना गावच्या वाहतूक समितीच्या कचेरीतून मिळायचा, आणि तो बाईच्या हातात होता. तिची अट एकच, पण भल्याभल्यांना घाम फोडणारी. माल भरलेली गाडी गोदामाच्या चढावर उभी करायची, ड्रायव्हरनं हातब्रेक ओढून पायब्रेक सोडायचा आणि मालकानं स्वतः मागच्या फळीला पाठ लावून उभं राहायचं. समितीत भांडून ही अट तिनंच मंजूर करून घेतली होती. लोक म्हणत, बाई काटेकोर आहे. काटेकोर कसली, ती डूख धरून बसली होती!

काही वर्षांपूर्वी याच चढावर तिचा धाकटा भाऊ पोती उतरवताना मागे घसरलेल्या टेम्पोखाली गेला होता. टेम्पोचा मालक, गाव त्याला मिशीवाला म्हणे, चौकशीत छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "ब्रेक ठणठणीत आहेत. पोरगाच प्यायला होता." भावानं जन्मात थेंब घेतला नव्हता. पण मेल्यावर तो बेवडा ठरला, आणि आईनं लोकांत जाणं सोडलं.

मिशीवाला आजवर परगावच्या परवान्यावर वेळ मारून नेत होता. यंदा समितीनं ती पळवाट बंद केली आणि स्वारी तोच टेम्पो घेऊन मुकाट्यानं चढावर आली.

"मागे आमचा हमाल उभा राहील," तो म्हणाला.

"अट मालकासाठी आहे, काका."

"अहो ताई, किती वर्षांची ओळख आपली!"

"म्हणूनच तर म्हणते, या. ब्रेक ठणठणीत आहेत ना?"

रांगेतले टेम्पोमालक मजा बघायला पुढे सरकले. मिशीवाला फळीपाशी गेला. ड्रायव्हरनं विचारलं, "मालक, पाय काढू?"

"थांब रे मेल्या!" मिशीवाला टुणकन बाजूला झाला. "हातब्रेक धरत नाही."

"आणि त्या दिवशी धरत होता?" बाईनं विचारलं. "परवाना हवा असेल तर खरं बोला."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. कुणी मदतीला येईना. "तेव्हाही धरत नव्हता," तो पुटपुटला. "पोरगा शुद्धीत होता."

"मोठ्यानं."

"शुद्धीत होता म्हटलं ना! झालं समाधान? द्या आता परवाना."

"बिनब्रेकच्या गाडीला? काका, मला काय वेड लागलंय?"

कुणीतरी फिसकन हसलं. बाईला मात्र हसू आलं नाही. इतकी वर्षं याच घटकेची वाट पाहिली, तरी तिचा राग तसूभरही उतरला नव्हता. तिनं कचेरीला कुलूप घातलं.

"चला सगळे माझ्या घरी," ती रांगेकडे वळून म्हणाली. "आत्ता ऐकलंत ते आईला सांगायचंय. आणि काका, तुम्ही पुढे चला. पहिल्यांदा तुम्ही बोलायचं. तिला कमी ऐकू येतं, तेव्हा ओरडून बोला, शेजारपाजाऱ्यांनाही कळू दे."