झोपाळ्याची चार भोकं
रेवसच्या लाँचमध्ये विनेशदा पहिल्यांदा दिसले, तेव्हा नवी नवरी सावरावी तसे ते एका गंजक्या ड्रिल मशीनला मिठी मारून उभे होते. त्या दोघांच्या वजनाने लाँच खाडीसकट बुडणार, अशी माझी खात्रीच झाली.

त्यांच्या आजारी बायकोला, सुचितावहिनींना, झोपाळा हवा होता. कुठल्याही सुताराने चहा गार व्हायच्या आत फळीला भोकं पाडून दिली असती. पण विनेशदांनी भंगारातलं हे आजोबांच्या वयाचं यंत्र घासूनपुसून लखलखीत केलं आणि जाहीर केलं, पहिलं भोक नारळी पौर्णिमेला, दर्याला नारळ दिल्यावरच.

"अवो, ती काय होडी हाय दर्यात लोटायला?" वहिनी खाटेवरून हसल्या.

"नवं काम नारळाशिवाय न्हाय."

वहिनी आषाढातच गेल्या. पौर्णिमेला नारळ देऊन आल्यावर विनेशदांनी फळीला चारही भोकं पाडली. अगदी सरळ पडली.

मशीन आता म्हसळ्याच्या एका ग्रिलवाल्याकडे आहे.