आईचा रकाना

"कुठं? कशाला? परत कधी?" कानावरचं पेन काढत ते हवालदार विचारायचे. लॉकडाऊनमध्ये बदलापूर-अंबरनाथ रस्त्यावर बॅरिकेड टाकून बसलेले. असे हवालदार तुम्हीही पाहिले असतील, आणि माझ्यासारख्याच मनातल्या मनात शिव्याही घातल्या असतील.

मी बदलापुरात हेंद्रेपाड्याची, आई अंबरनाथला एकटी. तिला विसरायचा आजार. घर बदललं की बिथरायची, आणि मी भरवल्याशिवाय घास गिळत नव्हती. माझा पासचा अर्ज दोनदा नामंजूर झालेला.

"आईला जेवू घालायला चाललेय," पहिल्याच दिवशी मी तडकले. "त्यालाही सरकारची परवानगी लागते का?"

"लागते ताई. औषध, दवाखाना, अत्यावश्यक नोकरी. आईचा रकाना नाही." त्यांनी माझ्या डब्याकडे पाहिलं आणि रजिस्टरात लिहिलं, औषध. "परत कधी?"

"पळून जाणार आहे का मी?"

"दोनला माझी ड्युटी संपते. पुढचा माणूस तुम्हाला सोडायचा नाही, म्हणून विचारतो."

मग रोज तेच.

"आज कुठलं औषध?"

"मुगाची खिचडी, काका."

"वा! गुण येईल."

एकदा आईने घास तोंडातच धरून ठेवला आणि मला तीन वाजले. स्कूटर दामटत नाक्यावर आले, तर खुर्चीत दुसराच पोलीस आणि काका बाजूला दगडावर, उन्हात बसलेले. "आल्या एकदाच्या!" म्हणाले, आणि त्या पोलिसाला, "माझी नोंद आहे, जाऊ दे." मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! त्यांच्याही घरी कुणी जेवायचं थांबलं असेल.

पुढे एका साहेबांनी डबा उघडायला लावला. "हे औषध?"

"साहेब, म्हातारीला दुसरं लागू पडत नाही," काका म्हणाले.

साहेबांनी त्यांना सगळ्यांदेखत झापलं. पण झाकण स्वतःच लावून डबा माझ्या हातात दिला.

नाका उठल्यावर पेढे घेऊन गेले, तर काकांची बदली झालेली. कुठं, ते कुणी धड सांगेना. आई आणखी दोन वर्षं माझ्या हातून जेवली. हे उपकार मी कुठं फेडू?

आई गेली, त्या दिवशी अंबरनाथहून परतताना त्या दगडापाशी स्कूटर थांबवली. तीन वाजून गेले होते.

"आले हो काका," मी म्हटलं. "आज उशीर झाला."