सोसायटीचा मराठी नामफलक

हा किस्सा मी आपणहून कुणाला सांगत नाही. पण विचुंब्याला आमच्या इमारतीत आलात, तर जिना चढायच्या आत कुणीतरी सांगेलच. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या तोवर.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. माझ्या कॉम्प्युटरवर जुना ब्राउजर होता आणि त्याला भाषांतराचं एक एक्स्टेन्शन जोडलेलं होतं. बटण दाबलं की इंग्रजी पान मराठीत. दिवाळीला लेक आली, म्हणाली हा फारच रखडतोय, आणि दुसरा ब्राउजर टाकून गेली. तो पळत होता झकास, पण त्यात माझं बटण नव्हतं. मग मीच शोध लावला की जुन्या ब्राउजरसाठी बनवलेलं एक्स्टेन्शन ह्या नव्यालाही जोडता येतं. ह्याने तीन-चार वेळा विचारलं, हे परक्या दुकानातलं आहे, चालेल ना? सगळ्या पानांवर चालू ठेवू का? मी न वाचता प्रत्येक वेळी ‘हो’ म्हटलं. सासुरवाडीत जेवताना म्हणतो तसं.

त्याच आठवड्यात खालच्या पॅसेजमध्ये मराठी नामफलक लावायचं ठरलं. सभासदांची यादी सोसायटीच्या वेबसाइटवर, तीही इंग्रजीत. सोळा नावं हाताने उतरवावी लागणार म्हणून कुरकुरत पान उघडलं, तर यादी मराठीत! तुम्हाला शंका आली असती. मला वाटलं, वेबसाइट सुधारली कुणीतरी. पहिल्या मजल्यावरची चार नावं तपासली. म्हात्रे, पाटील, ठाकूर, जोशी. बिनचूक. पुढचं कशाला बघायचं? छापली आणि पनवेलात टपाल नाक्याजवळच्या फलकवाल्याला नेऊन दिली.

त्याने कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, परत कागद वाचला.

“काका, नावं जरा येगलीच हायेत. येकदा वाचून बगता का?”

मी त्याला समजावलं की आमच्याकडे विदर्भापासून कोकणापर्यंतची माणसं राहतात, आडनावं वेगळी असणारच. कागदावर आहे तसंच कर. तो बिचारा बरं म्हणाला.

रविवारी सकाळी अनावरण. हस्ते अध्यक्ष मुळे सर, गणिताचे निवृत्त शिक्षक. गेल्या सभेत पार्किंगवरून माझं आणि त्यांचं वाजलं होतं, महिनाभर बोलणं नव्हतं. म्हणून नारळ मुद्दाम त्यांच्याच हातात दिला. तेवढंच मिटेल.

सरांनी कापड ओढलं. टाळ्या सुरू झाल्या आणि लोक दुसऱ्या मजल्यापर्यंत वाचत आले तशा थांबल्या. मोऱ्यांच्या जागी ‘श्री. अधिक’. दिवेबाईंच्या जागी ‘श्रीमती सूर मारा’. आणि तिसऱ्या मजल्यावर ठळक अक्षरांत ‘श्री. खेचर, अध्यक्ष’.

सरांनी ते दोनदा वाचलं. मग शांतपणे म्हणाले, “पार्किंगचा राग असा काढलात?”

मी शपथा घेतल्या. ते राजीनाम्याचं बोलू लागले. शेवटी त्यांना हाताला धरून घरी नेलं, म्हटलं, मूळ यादीच बघा. पान उघडलं. तिथेही खेचर. सर म्हणाले, म्हणजे वेबसाइटवरही टाकलंत तर.

चहा घेऊन आलेली बायको म्हणाली, जुन्या ब्राउजरमध्ये उघडून बघा ना. उघडलं. यादी इंग्रजीत, जशीच्या तशी! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जुन्यात ते एक्स्टेन्शन बटण दाबेपर्यंत गप्प बसायचं. नव्यात माझ्या ‘हो’मुळे ते प्रत्येक पान आपणच मराठीत करत होतं, आणि ज्या आडनावाला इंग्रजीत अर्थ निघतो, त्याचाही अर्थ लावून मोकळं होत होतं.

सरांनी स्वतःच्या नावावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. एम, यू, एल, ई.

मग म्हणाले, “पासपोर्टवरही हेच स्पेलिंग आहे हो.”

चहा संपवून त्यांनीच पेन मागितलं, सगळी यादी स्वतः तपासून दुरुस्त केली आणि स्वतः फलकवाल्याकडे देऊन आले. नवा फलक लागला. सगळी नावं अचूक, एक सोडून. आमचं आडनाव साने. ते इंग्रजीत लिहिलं की त्यालाही अर्थ निघतो. चौथ्या मजल्यावर पहिल्या फलकात ‘श्री. शहाणे’ होतं, नव्यातही तेच.

मी सरांना म्हटलं, आमचं नजरेतून सुटलं वाटतं.

“सुटलं नाही, पाहिलं मी,” सर म्हणाले. “राहू द्या. बाहेरच्यांना ती चूक आहे हे कळणार नाही, आणि आतल्यांना माहीतच आहे.”